सुंभ आणि पीळ

‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसाला उद्देशून वापरतो. परंतु ती ज्याने प्रथम उच्चारली, त्याने जळलेला दोर नीट पाहिलेला असला पाहिजे. काथ्याचा किंवा अंबाडीचा दोर विस्तवात पडला की त्याची राख काही वेळ पिळाच्या आकारातच राहते आणि फुंकर घालताच उडून जाते. नायलॉनचा दोर जळला तर पीळ राहत नाही आणि तशी राखही होत नाही; तो वितळून त्याचा काळपट, चिकट गोळा होतो आणि निवाला की दगडासारखा घट्ट बसतो. शंभर वर्षांत दोर किती बदलला, हे एवढ्यावरून कळावे.

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे डोंगर आहेत. १९८२ साली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात मोडे. आज सूरजागड म्हटले की लोकांना लोहखनिज आठवते. माडिया गोंडांना आठवतो तो ठाकूरदेव, ज्याची यात्रा जानेवारीत भरते. मला हे रान आठवते ते दोरासाठी. मध्य भारतातल्या रानात राहणाऱ्यांनी दोर कधी विकत आणावा, अशी निसर्गाची इच्छाच दिसत नाही. थोराड झाडांना विळखे घालणारी माहुलाची वेल, पळसाची मुळे, मुरुडशेंगेची साल, सगळ्यांत चिवट तंतू भरलेला आहे. साल सोलावी, भिजवावी, ठेचावी आणि मांडीवर वळावी. शेताच्या कडेला अंबाडी असतेच. तिचा पाला भाजीला, आणि कांडी पाण्यात कुजवली की वाक हाती येतो. कुडाच्या भिंती, छपराचे वासे, लाकडाची मोळी, धान्याची कणगी, सारे या वाकावर उभे राही.

इतिहासाच्या पुस्तकात मात्र या भागातला एकच दोर नोंदलेला आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात वीर बाबूराव शेडमाके यांच्या गळ्यात पडला, तो. बाकीचे हजारो दोर कोणी नोंदले नाहीत आणि मागेही उरले नाहीत. मागे न उरणे हाच त्यांचा मोठा गुण होता. शेतकऱ्याच्या घरी मोटेचा नाडा झिजला की त्याचे दावे होई. दाव्याचा धड राहिलेला तुकडा उसवून बैलाचे मुसके नाहीतर दुधाचे शिंके विणले जाई. अगदीच चोथा झाला की तो भांडी घासायला, आणि तेथून उकिरड्यावर. उकिरड्याचे खत शेतात पडे आणि पुढल्या पावसात तेथेच अंबाडी उगवे. या फेऱ्याला कोणी पुनर्वापर असे भारदस्त नाव दिले नव्हते. संसार म्हणत असत.

शहरांतही जुन्या दोराला मोल होते. हातकागदाच्या आपल्या जुन्या धंद्यात तागाचे फाटके गोणपाट, दोर, जाळी आणि चिंध्या कुटून लगदा करीत. पेशवाईत जुन्नरच्या कागदाला मान होता. तेव्हा जो दोर एके काळी बैलाच्या गळ्यात होता, त्याच्यावर पुढे कोणाचा हिशोब वा कोणाची अर्जी लिहिली गेली असेल, ही कल्पना अगदीच पोरकट नव्हे. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आले आणि गोदीत मोठी जहाजे बांधली जाऊ लागली. जहाजाला मैलोगणती दोर लागे. काळा घोड्याजवळची रोप वॉक लेन ही त्या धंद्याची नावापुरती उरलेली खूण. दोर वळणारा कमरेला तंतूंचा जुडगा बांधून उलट पावली चालत जाई, म्हणून दोराइतकी लांब, सरळ जागा लागे. आणि जहाजावरचा दोर जीर्ण झाला की विलायतेत तो तुरुंगात जाई. कैदी तो बोटांनी उसवून तंतू मोकळे करीत आणि ते तंतू डांबरात भिजवून जहाजाच्या फळ्यांच्या फटींत ठोकीत. १८९५ साली शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डलाही हे बोटे सोलणारे काम करावे लागले. मार्ग निर्दय होता, तरी दोर उसवता येत होता, हे ध्यानात घ्यावे.

खेळातल्या तारांची गोष्टही अशीच. १८७० च्या सुमारास पुण्याच्या छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी ज्या खेळाचे नियम बसवले आणि ज्याला आधी ‘पूना’ असेच म्हणत, तो पुढे बॅडमिंटन झाला. त्या काळच्या रॅकेटींना जनावरांच्या आतड्याची तात लावीत. आपल्या पिंजाऱ्याच्या पिंजणालाही तातच असे. फ्रान्समधील लिआँ येथे बाबोला यांनी १८७५ साली टेनिससाठी अशी तात तयार केली. आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात परदेशातील स्पर्धा जिंकून भारताचे नाव केले, तोवर तातीला स्पर्धक उभा राहिला होता.

हा स्पर्धक म्हणजे नायलॉन. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली तो प्रथम तयार झाला. १९३८ साली तो दात घासण्याच्या ब्रशात आला, १९४० साली बायकांच्या मोज्यांत, आणि महायुद्धात हवाई छत्र्यांत व दोरांत. कुजत नाही, कसर लागत नाही, पाण्याने सडत नाही! कोकणातल्या कोळ्यांना सुती जाळी सारखी वाळवावी लागत. त्यांच्या दृष्टीने हे वरदानच होते, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोरड्या जमिनीवर बसून लिहिणाऱ्यांना नाही.

अडचण निराळ्याच जागी आहे. नुसता नायलॉन परत आणता येतो. १९३८ साली जर्मनीत पॉल श्लाक यांनी शोधलेल्या नायलॉन-६ या जातीचे रेणू तापवून, उलगडून पुन्हा मूळ कच्चा माल मिळतो. इटलीच्या अ‍ॅक्वाफिल कंपनीने २०११ पासून स्लोव्हेनियातील कारखान्यात जुन्या जाळ्यांपासून असे सूत काढले आहे. परंतु आजचे दोर आणि खेळाच्या तारा एकजातीच्या राहिलेल्या नाहीत. आत नायलॉनचा गाभा, वर पॉलिएस्टरची वीण, त्यावर राळेचा लेप, क्वचित केवलारचे धागे. पॉलिथिलीन सुमारे १३० अंशांना वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६५ ला, नायलॉन-६ साधारण २२० ला, पॉलिएस्टर २६० च्या आसपास, आणि केवलार वितळतच नाही, करपते. एका कढईत ही मंडळी घातली तर एक करपते तेव्हा दुसरे कच्चे असते. पीळ हाताने उसवता येतो; लेप आणि गाभा यांचे लग्न मोडणे फार महाग पडते.

म्हणून निवड आधी झाली पाहिजे. बाजारात ज्याला सरसकट नायलॉन म्हणतात, त्यातले बरेचसे दोर पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिथिलीनचे असतात. परीक्षा घरच्या बादलीत होते. तुकड्यातली हवा पिळून काढून तो पाण्यात टाकावा: ही दोन तरंगतात, नायलॉन व पॉलिएस्टर बुडतात. मिश्र दोर मात्र या परीक्षेलाही फसवतो.

भंगारवाला लोखंड घेतो, पितळ घेतो, रद्दी घेतो. दोराचा गुंडाळा अंगणातच टाकून जातो. सूरजागडच्या डोंगरातले लोखंड जगात कोठेही गेले तरी शंभर वेळा वितळून पुन्हा लोखंडच होईल. त्याच डोंगराच्या पायथ्याशी तुटून पडलेला रंगीत दोर मात्र गुरांच्या पोटात तरी जातो, नाहीतर ओढ्यात. त्या रानाने हजार वर्षे दोर दिला आणि परतही घेतला. जो त्याने दिलाच नाही, तो परत घेण्याची जबाबदारी त्याच्यावर कशी टाकावी? ती करणाऱ्याची आणि विकणाऱ्याची आहे: दोर एकजातीचा करावा, त्यावर जात छापावी आणि जुना झाल्यावर तो परत घ्यावा.

पोळ्याला बैलाला नवी वेसण आणि नवा कासरा देण्याची आपली रीत आहे. या दिवाळीत वसुबारसेला गाईच्या गळ्यात नवे दावे बांधताना जुने कोठे गेले, एवढे ज्याच्या त्याने आपल्या गोठ्यात पाहावे.