पखालजी आणि नालबंद
रोह्याच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, इतिहासात आपण कुठे?" मी तलवारीऐवजी त्याला घोड्याचा खूर दाखवला. सभासद बखरीत शिवरायांच्या पागेची व्यवस्था आहे: २५ घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाण्याची किंवा खुराची हयगय झाली, की स्वारी अडलीच. खूर नखासारखा वाढतो. तो तासून नाल ठोकावी लागते. खिळा जरा आत गेला की घोडा लंगडतो. 'नाल' अरबी, 'बंद' फारसी. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुस्लिम घरांचं ते आडनाव. उलट घोड्यांच्या वैद्याला उर्दूत 'सालोत्री' म्हणतात, ते संस्कृत शालिहोत्रावरून. पेणला वरातीत घोडा दिसला, तर आधी त्याला पाणी पाजलंय का विचारा, मग खूर बघा.