घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग

मागच्या महिन्यात बाबांचं जुनं चावीचं घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी ते उघडलं आणि मला विचारलं, "रात्री स्पीकरजवळ ठेवता का हो?" ठेवत होतो. आतली हेअरस्प्रिंग चुंबकीय होऊन तिचे वेढे एकमेकांना चिकटले होते. वेढे चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ घाई करतं. मी दिवसभर सॉफ्टवेअर बघणारा माणूस, पण त्या प्रश्नापायी थेट ग्रीनिचला जाऊन आलो.

1707 साली सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची चार जहाजं खडकांवर फुटली, चौदाशेहून जास्त माणसं बुडाली. समुद्रात रेखांश नीट कळत नसे. 1714 मध्ये पार्लमेंटने त्यासाठी 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. बंदरातली वेळ जहाजावर जपता आली की काम होणार होतं. पण 4 मिनिटांची चूक म्हणजे 1 अंश, विषुववृत्तावर 111 किलोमीटर!

आणि घात करत होती ती स्प्रिंग. पोलाद तापलं की त्याचा ताठपणा थोडा कमी होतो. साधी पोलादी हेअरस्प्रिंग आणि पितळी चक्र असेल, तर तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढल्यावर घड्याळ दिवसाला 10-11 सेकंद मागे पडतं. इंग्लंडच्या थंडीतून जमैकाच्या उन्हात गेलात तर काय होईल, तुम्हीच हिशोब करा.

जॉन हॅरिसन मूळचा सुतार. एच-4 या घड्याळात त्याने पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी बसवली. उष्णतेने ती वाकते आणि स्प्रिंगची चालती लांबी कमी करते. थोडक्यात, जी करामत आमच्या स्पीकरने चुकून केली, तीच त्याने मोजूनमापून केली. 1761-62 च्या जमैका सफरीत, घड्याळाची नेहमीची चाल वजा करता, चूक भरली फक्त 5 सेकंदांची. तरी पैशांसाठी त्याला वयाच्या ऐंशीपर्यंत भांडावं लागलं. (सरकारी बिलं तेव्हाही अडकत!)

धातूच बदलायला मात्र दीडशे वर्षं लागली. स्प्रिंग म्हटलं की आपण आधी मजबुती विचारतो. इथे प्रश्न वेगळा होता: तापमान बदललं तरी ताठपणा तोच राहील का? घड्याळजींच्या घरात जन्मलेल्या शार्ल गिय्योम या स्विस शास्त्रज्ञाने लोखंड आणि निकेलच्या मिश्रणांचा पिच्छा पुरवला. आधी जवळजवळ न प्रसरणारा इन्व्हार मिळाला, मग क्रोमियम मिसळून ताठपणा टिकवणारा एलिन्व्हार. 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आता काही घड्याळांत सिलिकॉनची स्प्रिंग असते, तिला चुंबक लागतच नाही.

ग्रीनिचला मुलांना नेलंत तर हॅरिसनची पहिली तीन घड्याळं चालताना दिसतील. एच-4 मात्र बंद ठेवलंय. त्याला तेल लागतं आणि चालवलं तर ते झिजेल. बाबांचं घड्याळ आता स्पीकरपासून लांब, देवघराच्या फळीवर असतं.