करुणेतल्या सुखाचा माग

संयुत्तनिकाय या पाली ग्रंथातल्या सेदक सुत्तात एक डोंबारी भेटतो. बांबू उभारून तो मेदकथालिका नावाच्या चेल्याला वर चढवतो आणि म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. चेल्याला हे पटत नाही. ज्याने त्याने आपला तोल राखला, तरच दोघे धडपणे खाली उतरतील, असं तो सांगतो. बुद्धाने चेल्याची बाजू घेतली, पण तो तिथेच थांबला नाही. क्षमा, अहिंसा, मैत्री आणि अनुकंपा यांच्या बळावर दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो, अशी जोड त्याने दिली. पुढचा सगळा विचार मला या जोडीतूनच फुटलेला दिसतो.

हा विचार भिक्खूंपुरता राहिला नाही. कार्ल्याच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 24 व्या राज्यवर्षातला लेख आहे. हरफरण नावाच्या उपासकाने महासांघिक पंथाच्या भिक्खूंना नऊ खोल्यांचा मंडप दिला आणि या दानामागे सर्व प्राणिमात्रांचं हित व सुख असल्याचं कोरून ठेवलं.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यातला एक प्रसंग वाचताना मी दर वेळी अडखळतो. साधक बसला आहे. सोबत एक आवडता माणूस, एक तटस्थ, एक वैरी. दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला चौघांतला एक मागतात. याला न्या, त्याला न्या, असं मनात आलं तर मैत्री कच्ची. पण ‘मला न्या’ असं वाटलं, तरीही ती कच्चीच! चौघांपैकी कुणालाच देण्याजोगं मानलं नाही, तरच आपपराच्या सीमा मोडल्या. स्वतःला वगळणारा त्याग इथे चालत नाही, आणि बौद्ध करुणेचं खरं वेगळेपण मला यातच वाटतं.

बुद्धघोष आणखी एक इशारा देतो. क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू, तर शोक हा जवळचा, कारण तो करुणेसारखाच दिसतो. दुसऱ्याच्या दुःखात स्वतः बुडणं म्हणजे करुणा नव्हे.

आठव्या शतकाच्या सुमारास नालंदेच्या शांतिदेवाने ‘बोधिचर्यावतारा’त विचारलं की, पायाचं दुखणं हाताचं नसतं, तरी हात पायाला का जपतो? ज्याला असं जपणं साधलं, तो इतरांसाठी नरकातही आनंदाने उतरतो, असं त्याचं सांगणं आहे.

हाच अनुभव आपल्या काळात प्रयोगशाळेतही आला. मॅथ्यू रिकार या फ्रेंच भिक्खूच्या मेंदूची तपासणी 2007 साली मास्ट्रिख्टमध्ये झाली. मेंदूच्या अभ्यासक तानिया सिंगर यांच्या सांगण्यावरून त्याने आधी केवळ इतरांच्या वेदनेशी समरस होणं धरून ठेवलं. थोड्याच वेळात तो थकून गेला. मग तो करुणेकडे वळला. समोरचं दुःख तेच होतं, पण थकवा सरला आणि मनात माया दाटून आली. बुद्धघोषाने दाखवलेला शोक आणि करुणा यांतला फरक एका भिक्खूने यंत्रात पडल्यापडल्या अनुभवला होता.