मंडईचा मनोरा आणि वर्गणीचा पैसा

पुणें शहरांत सार्वजनिक म्हणविणाऱ्या इमारती पुष्कळ आहेत. परंतु जेथें सर्व पेठांचे, सर्व जातींचे व सर्व ऐपतींचे लोक रोजच्या गरजेनें एकत्र येतात अशी इमारत मंडईशिवाय दुसरी दाखवितां येणार नाहीं. मध्यभागीं अष्टकोनी मनोरा, त्यापासून चोहों बाजूंस फांकलेल्या ओळी, उंच छपराखालीं भाजीपाल्याच्या राशी लावून बसलेले विक्रेते आणि त्यांच्याशीं घासाघीस करणारें गिऱ्हाईक, हा देखावा पुणेकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे कीं, ही इमारत कोणाच्या पैशानें उभी राहिली हा प्रश्न पिशवी घेऊन आलेल्या मनुष्यास सहसा पडत नाहीं. राजकारणाचा काथ्याकूट येथें इतका चालत आला कीं त्या जागेस थट्टेनें 'मंडई विद्यापीठ' असें नांव पडलें; पण त्या विद्यापीठांतही हा विषय क्वचितच निघतो. म्हणून त्याचा थोडा ऊहापोह येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सार्वजनिक काम उभें राहण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक कराचा व दुसरा वर्गणीचा. पूर्वीं तिसराही एक मार्ग होता, तो एकट्या धनिकाच्या दानाचा. मंडईपासून हांकेच्या अंतरावर असलेलें तुळशीबागेंतील राममंदिर पेशवाईंत नारो आप्पाजी खिरे यांनीं बांधविलें, आणि त्यांचें घराणें पुढें 'तुळशीबागवाले' म्हणूनच ओळखलें जाऊं लागलें. अशा दानांत देणाराचें नांव राहतें व घेणाराचा नमस्कार राहतो. हिशेब विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. पेशवाई गेली, सरदारांचीं उत्पन्नें आटलीं, आणि दानाचा ओघ बारीक झाला. त्याची जागा भरून काढण्यास एकीकडून नगरपालिका आली व दुसरीकडून लोकांच्या वर्गणीचा पैसा आला. ह्या दोहोंचा झगडा आणि मिलाफ मंडईच्या परिसरांत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसणें कठीण.

मंडईची इमारत ही कराच्या मार्गाची. तत्पूर्वीं भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणांत उघड्यावर भरत असे. ऊन, पाऊस, धूळ व चिखल यांत माल आणि माणूस दोन्ही सारखेच भरडले जात. तेव्हां बाजारास छप्पर असावें हा विचार वावगा होता असें कोणी म्हणणार नाहीं. नगरपालिकेनें शुक्रवार पेठेंत काम हातीं घेतलें, सुमारें ३ लाख रुपये खर्च केला, आणि १८८६ सालीं नवा बाजार उघडला. मुंबई इलाख्याचे तेव्हांचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवावरून त्यास 'रे मार्केट' म्हणूं लागले. हा आंकडा केवढा होता हें समजण्यास एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, शेवटच्या बाजीरावानें स्वतःच्या निवासासाठीं बांधलेल्या विश्रामबागवाड्यास लागलेली रक्कम सुमारें २ लाख रुपये सांगतात.

ह्या बेतास नगरपालिकेंत विरोध केला तो जोतीराव फुले व हरि रावजी चिपळूणकर यांनीं. जोतीराव १८७६ ते १८८२ ह्या अवधींत नगरपालिकेचे सभासद होते. एवढी रक्कम इमारतींत घालण्यापेक्षां ती गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावी, असें त्यांचें म्हणणें होतें. बहुमत अर्थातच दुसऱ्या बाजूस गेलें. परंतु हा विरोध एखाद्या पुस्तकी सुधारकाचा होता असें मात्र समजूं नये. जोतीराव जातीनें माळी. भाजीपाल्याच्या विक्रीचा व्यवहार त्यांनीं स्वतः केलेला. शिवाय बांधकामाचीं कंत्राटें घेणें हा त्यांचा व्यवसाय. खडकवासल्याचें धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा अशा कामांशीं त्यांचा संबंध आला होता. दगडाचुन्याचा व मजुरीचा भाव त्यांस तोंडपाठ होता, आणि बाजारांत माल आणणाऱ्या माळ्याच्या पदरांत सायंकाळीं काय पडतें हेंही ते जाणून होते. ज्या मनुष्यास नव्या बाजाराचा आणि नव्या बांधकामाचा दोन्हींचा लाभ होऊं शकला असता, तोच उभा राहून 'हें काम आधीं नको' म्हणतो, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्यासारखी वाटते.

१८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते, तेव्हां त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ १,००० रुपये खर्चण्याचा ठराव आला; नगरपालिकेच्या ३२ सभासदांपैकीं विरुद्ध मत दिलें तें एकट्या जोतीरावांनीं. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना त्यांनीं हाच मुद्दा मोठ्या प्रमाणावर मांडिला: सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामांतून निघतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांस मिळतो. मंडईच्या प्रश्नाकडे ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्यांतील मर्म उलगडतें. त्या काळीं पुण्याच्या नगरपालिकेचें मुख्य उत्पन्न जकातीचें. जकात ही अशी पट्टी आहे कीं ती देणारास पावती मिळत नाहीं; मालाच्या किंमतींत ती मुकाट्यानें मिसळून जाते, आणि बुट्टी उचलणारा हमालही ती नकळत भरतो. त्यांतून सभासद हे सरकारनें नेमलेले. हमालास मत नाहीं व माळणीसही नाहीं. म्हणजे मंडई हीही एका अर्थीं लोकवर्गणीच होती, पण ती न विचारतां घेतलेली, आणि जिचा हिशेब मागण्याचा हक्क वर्गणीदारांस नव्हता अशी. जोतीरावांनीं तो हिशेब त्यांच्या वतीनें मागितला. आमच्या मतें त्यांचा आक्षेप छपरास नव्हता. आधीं काय व मागून काय, ह्या क्रमास होता. छपराची गरज त्यांनीं कमी लेखली असें कोणास वाटेल, आणि शंभराहून अधिक पावसाळे त्या इमारतीनें विक्रेत्यांच्या डोक्यावरून परतविले हें पाहतां त्यांत कांहीं तथ्यही आहे; परंतु क्रमाचा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं.

आतां दुसऱ्या मार्गाकडे वळूं. वर्गणी आणि दान ह्यांतील भेद रकमेचा नसून अधिकाराचा आहे, हें पुण्यास शिकविलें तें सार्वजनिक सभेनें. ह्या सभेचा जन्मच मुळीं हिशेबाच्या तक्रारींतून झाला. पर्वती संस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयीं लोकांत असंतोष होता. त्याची दाद लावण्यास कोणीतरी लोकांचा म्हणून अधिकारी असावा, ह्या विचारांतून २ एप्रिल १८७० रोजीं सभा स्थापन झाली व गणेश वासुदेव जोशी यांस लोक 'सार्वजनिक काका' म्हणूं लागले. सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान ५० लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें असा नियम होता; आरंभींच्या ९५ सभासदांनीं मिळून ६,००० लोकांचें मुखत्यारपण मिळविलें होतें. ज्या काळीं नगरपालिकेंतही मताधिकार नव्हता, त्या काळीं एका खासगी सभेनें हा शिरस्ता घातला, हें विसरतां येणार नाहीं.

ह्यानंतर नऊ वर्षांनीं पुण्याच्या वर्गणीची एक निराळी परीक्षा झाली. १८७९ च्या मे महिन्यांत बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस एका माथेफिरूनें आग लाविली. बुधवारवाडा नाहींसाच झाला. विश्रामबागवाड्याची पूर्वेकडील बाजू जळाली. ती पुन्हां उभारण्याच्या कामीं लोकवर्गणीचा हातभार लागला. हा वाडा बाजीरावाच्या विलासाचा. इंग्रजी अमलांत १८२१ पासून तेथें संस्कृत पाठशाळा व पुढें इतर शाळा भरत. ज्या वाड्यांत पूर्वीं सामान्य मनुष्यास पाऊल टाकतां येत नसे, त्याच्या भिंतींस सामान्य मनुष्याचा पैसा लागला, तेव्हां तो खरोखर गांवाचा झाला असें आम्ही समजतों. मंडईकडून लक्ष्मी रस्त्याकडे जातांना त्याचीं सुरूच्या आकाराचीं कोरीव लांकडी खांबें अजूनही दृष्टीस पडतात.

लहान रकमेवर मोठा विश्वास टाकण्याची ही संवय पुढें वाढत गेली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडानें प्रत्येक मनुष्याकडून एक पैसा मागून तळेगांवास १९०८ सालीं कांचेचा कारखाना घातला. धोंडो केशव कर्वे यांनीं विधवांसाठीं काढलेला आश्रम १९०० सालीं हिंगण्यास नेला, तेव्हां तेथें एक झोपडी तेवढी होती. फर्ग्युसन कॉलेजांतील शिकविणें संपवून कर्वे रोज चालत हिंगण्यास जात, आश्रमाला लागणारें सामानसुमान स्वतः वाहून नेत, आणि सुटींत गांवोगांव फिरून आण्याआण्यानें वर्गणी गोळा करीत. त्यांच्या वर्गणीच्या याद्या छापील अहवालांतून प्रसिद्ध होत. गणिताच्या प्राध्यापकास हें शोभेसेंच होतें!

मंडईंतल्या लोकांनीं हा मार्ग आपल्या परीनें चोखाळला. सार्वजनिक गणेशोत्सवास पुण्यांत आरंभ होऊन वर्ष-दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८९४ सालीं, मंडईच्या विक्रेत्यांचें व आसपासच्या रहिवाशांचें मंडळ उभें राहिलें. तेंच आजचें अखिल मंडई मंडळ. जो बाजार आठ वर्षांपूर्वीं त्यांस न विचारतां बांधला गेला, त्याच्याच छायेंत त्यांनीं स्वतःच्या गल्ल्यांतून पैसा काढून पहिलें आपलें असें कांहीं उभारलें. ह्या कामाची रीत पुणेकरांस परिचितच आहे. पांचसहा कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन गाळ्यागाळ्यांतून हिंडतात. आडत्याचा आंकडा निराळा, ओट्यावरच्या बाईचा निराळा. कोणी रोख देतो, कोणी पानसुपारीचा भार उचलतो, कोणी दोन रात्री मांडवांत जागतो. ज्याच्याजवळ पैसा नाहीं तो अंगमेहनत देतो व त्याची गणनाही वर्गणीदारांतच होते. मूर्तींतही ह्या मंडळानें एक वेगळेपणा राखला. एकट्या गणपतीऐवजीं शारदेसह गजानन, अशी ही जोडमूर्ति आहे. ज्या बाजाराच्या खर्चांतून विद्येसाठीं पैसा मागून जोतीरावांस मिळाला नाहीं, त्याच बाजारांत विद्येची देवता येऊन बसावी हा निव्वळ योगायोग खरा. तरी तो नमूद केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

वर्गणीचे दोषही सांगितले पाहिजेत. दहा माणसें दारांत उभीं राहून मागतात तेव्हां 'नाहीं' म्हणणें सोपें नसतें, आणि न विचारतां घेतलेल्या करापेक्षां अशी विचारून घेतलेली वर्गणी कित्येकदां अधिक जाचक होते. दुसरें असें कीं, जो देऊं शकत नाहीं त्याचा आवाज मंडळांतही खालच्या पट्टींतला राहतो. कराचा पैसा निदान तत्त्वतः सर्वांचा. वर्गणीचा पैसा देणाऱ्यांपुरता. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० सालीं झाला, व धर्मादाय आयुक्तांपुढें हिशेब ठेवण्याची जबाबदारी संस्थांवर आली. त्यानें पहिल्या दोषास थोडा आळा बसला, दुसऱ्यास नाहीं.

कराच्या पैशाचें भांडण मंडईच्या आवारांत पुन्हां पेटलें तें पुतळ्यांवरून. १९२४ सालीं येथें लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. त्याचें अनावरण पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्तें झालें. दुसऱ्याच वर्षीं शुक्रवार पेठेंतील केशवराव जेधे नगरपालिकेंत निवडून आले, आणि नगरपालिकेनें जोतीरावांचाही पुतळा उभारावा अशी सूचना त्यांनीं आणली. ती फेटाळली गेली. मग काय व्हावयाचें तें झालें. सभागृहांतला वाद रस्त्यावर आला, दिनकरराव जवळकरांचें 'देशाचे दुश्मन' हें पुस्तक निघालें, त्यावर खटला झाला, आणि १९२६ सालीं अपिलांत आरोपींची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडून त्यांस सोडविलें. दोन्ही बाजूंनीं जी भाषा वापरली गेली ती आज वाचवत नाहीं. परंतु भाषेचा कडवटपणा बाजूस सारला तर तळाशीं प्रश्न जोतीरावांचाच सांपडतो: सर्वांकडून गोळा झालेल्या पैशाचा विनियोग कोणाच्या मर्जीनें व्हावा? १८८२ सालीं हा प्रश्न विचारणारे सरकारनें नेमलेले होते. १९२५ सालीं तो विचारणारा मतें मिळवून आलेला होता. मधल्या काळांत झालेला फरक तो हाच, आणि आमच्या मतें तो लहान नव्हे.

पुढें १९३८ सालीं आचार्य प्रल्हाद केशव अत्रे नगरपालिकेंत आले. त्यांनीं पुढाकार घेऊन रे मार्केटचें नांव बदलविलें, आणि लॉर्ड रे यांची जागा ज्यांनीं ह्या इमारतीस विरोध केला होता त्या जोतीरावांस मिळाली. 'महात्मा फुले मंडई' हें तिचें नांव तेव्हांपासून कायम आहे. ह्या नामांतरास नगरपालिकेचा खर्च एका पाटीपुरता आला असावा. २०२४ सालीं मंडईच्या शेजारीं जमिनीखालून धांवणाऱ्या मेट्रोचें स्थानक उघडलें. वर भाद्रपदांत शारदा-गजाननाच्या मांडवासाठीं पावतीपुस्तकें निघतात, आणि ओट्यावर बसलेल्या बाई गिऱ्हाइकास मेथीची जुडी देऊन दुसऱ्या हातानें पावती घडी करून कनवटीस लावतात.