बियाणं समुद्राचं, मासा माणसाचा

आमच्या लोणखेड्यापासून समुद्र लांब. इथल्या बाजारात मासा येतो तो नदीचा, नाहीतर धरणाचा. तेव्हा जपानच्या माशाबद्दल मी लिहावं याचं कुणाला नवल वाटेल. पण हा विषय माशाइतकाच शेतीचाही आहे, आणि शेतीवर बोलायला शहादा तालुक्यातल्या माणसाला कुणाची परवानगी लागत नाही!

मुंबईच्या ताजमध्ये २००४ साली 'वसाबी' हे जपानी उपाहारगृह सुरू झालं. अशा ठिकाणी माशाचे कच्चेच पातळ काप वाढतात, आणि त्यात 'हमाची'ला मोठा मान. हा मासा वाढेल तसं त्याचं नाव बदलतं. ओसाकाकडे तो आधी त्सुबासु, मग हमाची, मग मेजिरो आणि पूर्ण वाढला की बुरी. शिपायाचा हवालदार आणि हवालदाराचा फौजदार व्हावा तसं. जपानी लोक त्याला 'बढती मिळणारा मासा' म्हणतात. आज बाजारात हमाची म्हटलं की बहुतेक वेळा पाळलेलाच मासा असतो.

ही पाळण्याची सुरुवात शिकोकू बेटावर झाली. कागावा प्रांतातल्या हिकेता गावी आदो नावाचं खाऱ्या पाण्याचं तळं आहे. तिथे नोआमी वासाबुरो या तरुणाने १९२८ साली हा मासा वाढवून दाखवला. पुढे १९५४ मध्ये किंकी विद्यापीठाने समुद्रातच जाळ्याचे पिंजरे टांगण्याची पद्धत आणली. तळं बांधायचा खर्च वाचला आणि साठच्या दशकात किनाऱ्याकिनाऱ्यावर हा धंदा पसरला.

पण पिंजऱ्यात सोडायची पिल्लं कुठली? ती समुद्राचीच. वसंत ऋतूत वाहत्या शेवाळाच्या आडोशाने इवलीशी पिल्लं तरंगत येतात. त्यांना 'मोजाको' म्हणतात. ती धरायची आणि वाढवायची. किंकी विद्यापीठाने अंड्यातून पिल्लं काढून दाखवली, अलीकडे काही कंपन्या असं बीज वापरून बारमाही मासा पुरवू लागल्या आहेत. तरी धंद्याचा मोठा भाग अजून धरलेल्या पिल्लांवरच चालतो. म्हणजे शेत माणसाचं, बियाणं समुद्राचं. त्यात हा मासा मांसाहारी. एक किलो हमाची तयार व्हायला कित्येक किलो लहान मासे खाऊ घालावे लागत. आता गोळीखाद्य आलं, पण त्यातही माशाची भुकटी आहेच.

१९७२ म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो. जपानच्या हारिमा समुद्रातल्या मच्छीमारांना त्याच वर्षीची तांबडी लाट आठवते. कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजलं आणि पिंजऱ्यातले सुमारे १ कोटी ४० लाख मासे मेले. मोकळा मासा पळून तरी जातो, पिंजऱ्यातला कुठे जाणार? पुढच्याच वर्षी त्या समुद्राच्या रक्षणासाठी जपानने कायदा केला.

आता आपल्याकडे पाहू. रोहू, कटला, मृगळ हे आपले पाळायचे मासे, पण पावसाळ्यातल्या वाहत्या नदीतच ते अंडी घालतात, तळ्यात घालत नाहीत. त्यामुळे बंगालच्या नद्यांतून बीज गोळा करायचं आणि कलकत्त्याहून आगगाडीने देशभर पाठवायचं, असा मामला होता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी यांनी एका माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि साठलेल्या पाण्यात अंडी मिळवली. नदीवाचून बीज तयार झालं. म्हणून तर १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. जपानी धंद्याला जी गोष्ट अजून पुरती साधलेली नाही, ती आपल्या रोहू-कटल्याच्या बाबतीत केव्हाच साधली.

याचा आमच्या जिल्ह्याशी संबंध काय? १९७२ सालीच पुऱ्या झालेल्या उकाई धरणाचं पाणी नवापूरकडे पसरलं. पुढे सरदार सरोवराने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित केली. कित्येक कुटुंबं शहादा-तळोद्याकडे वसली, काही काठावरच राहिली. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांच्यातल्या काहींनी मच्छीमार सहकारी संस्था काढल्या. शेत गेलं, निदान त्यावरचं पाणी तरी आमचं, हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. पण धरणात बोटुकली सोडायची तर बीजकेंद्र हवं, आणि ते कुणाच्या हातात आहे यावर त्या कुटुंबांची चूल अवलंबून.

कापसाचं उदाहरण ताजंच आहे. पूर्वी आपला शेतकरी घरची सरकी राखून पेरत असे. आधी संकरित वाण आणि मग २००२ साली मंजुरी मिळालेला बीटी कापूस यांमुळे दरवर्षी पाकीट विकत आणणं आलं. उत्पन्न वाढलं असेल, पण बियाण्याची किल्ली दुसऱ्याकडे गेली. माशाचं बीज नदीच्या हातून माणसाच्या हाती आलं, ते कुठल्या माणसाच्या, हा प्रश्न उरतोच.

खरेदी करणारा मोठा हॉटेलवाला दर विचारतो, ताजेपणा पाहतो. पण बीज कुठलं, खाद्य कसलं आणि पाणी कुणाचं, हेही त्याने विचारावं. आणि आपणही, बाजारातला रोहू घेताना.