भुईआवळी आणि पिण्याचे पाणी

आमच्या वऱ्हाडात पावसाळ्यात धुऱ्यावर भुईआवळी उगवते; पानांखाली आवळ्यासारखी बारीक फळे. अकोल्या-अमरावतीच्या जिनांतील मजुराचे डोळे पिवळे झाले की तिचा रस ताकातून द्यायचा. गंमत अशी की पावसाळी कावीळही त्याच दिवसांत येई, आणि महिना-दीड महिन्यात उतरे. श्रेय मिळे ते रोपट्याला.

ते श्रेय कोणी तपासलेच नाही असे नाही. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘ब’ काविळीच्या ३७ वाहकांना भुईआवळी दिली. २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. पुढच्या चाचण्यांत मात्र तसे फळ पुन्हा मिळाले नाही.

आमची पावसाळी कावीळ तर निराळीच. ती पाण्यातून येते. १९५५-५६ साली दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी शिरले, आणि सुमारे २९,००० माणसे काविळीने पडली. ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, गर्भवतीच्या मात्र जिवावर बेतते. तिथे ताकातला रस काय करणार?

पिण्याच्या पाण्याची जागा संडासापासून दूर असावी, असे १९४८ च्या कारखाने कायद्याचे अठरावे कलम सांगत असे. आमच्या मागणीपत्रात ते कलम सर्वांत शेवटी असे, आणि तडजोडीत आम्ही तेच सर्वांत आधी सोडून देत असू.