धुराचे औषध

थंड मोटारीच्या धुराच्या नळीवरील डबा हलकेच ठोकावा. आतून खडखड ऐकू आली, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी फुटली असे समजावे. आमच्या ताडकळसला हे निदान अंगणातही होते. परंतु या डब्याचा इतिहास कुणी सांगत नाही.

फ्रान्समध्ये जन्मलेल्या यूजीन हूद्री यांना १९५६ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. प्लॅटिनमसारख्या धातूंच्या सान्निध्यात विषारी धूर सौम्य व्हावा, ही कल्पना. पण पेट्रोलमधल्या शिशाचा थर त्या धातूंवर बसे आणि औषधच मरे! म्हणून आधी शिसे काढणे भाग पडले. मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तो शिसेविरहित पेट्रोलसह. २००० साली देशभर तसेच पेट्रोल आले. मुलांच्या मेंदूला घातक असे ते विष एका डब्याच्या निमित्ताने ओसरले, याचे मज शिक्षकाला फार मोल वाटते.

घरी डबा बदलताना हाच धडा ध्यानी धरावा. प्लग नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन पेटेल आणि नवी जाळीही वितळेल. आधी कारण, मग डबा. आणि पैसे वाचतात म्हणून नुसती नळी जोडू नये; तो धूर अखेर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.